मांडवा ते मुरुड, रमतगमत: सायकलवर नवख्यांसाठी

मांडवा बंदरावर उतरलेले बहुतेक सायकलवाले झिराड-चोंढीचा मोठा रस्ता धरतात. दीड तासात घामाघूम होऊन अलिबागला पोचतात आणि चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारतात, "आता पुढे काय?" हा लेख त्यांच्यासाठी नाही. तोच किनारा धरून पुढे मुरुडपर्यंत तीन दिवसांत जायची तयारी असलेल्यांसाठी आहे. वाटेत भाताची कापणी दिसली तर उतरून बांधावर बसणारे, मासळी बाजार लागला तर अर्धा तास हरवणारे, असे लोक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. सायकल येते पण कधी प्रवास केला नाही, असं असेल तरी चालेल. एकूण अंतर साधारण पाऊणशे किलोमीटर. तीन दिवसांत वाटलं तर हे कुणालाही जमतं.

कधी जायचं

दिवस ठरवताना आधी भाताकडे बघा, सुट्ट्यांकडे नंतर. कोकणात जूनमध्ये पेरणी आणि जुलैत लावणी होते. सप्टेंबरात भात पोटरीला येतं. हळवं म्हणजे लवकर पिकणारं भात दसऱ्याच्या आगेमागे कापतात, निमगरवं त्यानंतर, आणि उशिरा पिकणारं गरवं दिवाळी उलटली तरी शेतात उभं असतं. म्हणून कोजागरी ते तुळशीचं लग्न हा महिना मला सगळ्यांत चांगला वाटतो. एका खाचरात पिवळंधमक भात वाऱ्यावर हलत असतं, शेजारच्या खाचरात नुसती धसकटं उरलेली असतात आणि तिसऱ्यात झोडणी चाललेली असते. पाऊस थांबलेला असतो, ओढ्यांना पाणी असतं. ऑक्टोबरचं ऊन तेवढं सोसावं लागतं. त्यावर उपाय एकच, पहाटे निघणं.

दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि जोडून आलेल्या शनिवार-रविवारी या बाजूला फिरकू नका. अलिबाग-नागावच्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि सायकलवाल्याला धूर खाण्याशिवाय काम उरत नाही. सोमवार ते गुरुवार जमवा. राहायची सोयही तेव्हा स्वस्तात होते.

जुलै-ऑगस्टचा हिरवागार कोकण फोटोत सुंदर दिसतो, पण नवख्याने तेव्हा सायकल काढू नये. उतारावर शेवाळ, खड्ड्यात पाणी, त्यामुळे खड्डा किती खोल ते कळत नाही. बोटीही हवामान बघून रद्द होतात.

सायकल आणि सामान

नवी सायकल घेऊ नका. घरी आहे ती गिअरची साधी सायकल चालेल, फक्त टायर फार बारीक नको. शर्यतीच्या सायकलीचे सुतासारखे टायर गावातल्या खडीवर त्रास देतात. बत्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर उत्तम. बिनगिअरची असेल तर काशीदच्या चढावर उतरून ढकलावी लागेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. समुद्रकिनारी तासाच्या बोलीवर भाड्याने मिळणाऱ्या सायकलींवर मात्र तीन दिवस काढायचा विचार करू नका. त्यांच्या चेनला गंजाशिवाय काही लागलेलं नसतं.

निघण्याच्या आठवडाभर आधी सायकल दुकानात टाकून ब्रेक, चेन आणि दोन्ही चाकं तपासून घ्या. सीटची उंची स्वतः बघा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट खाली असते आणि दुसऱ्या दिवशी गुडघे बोलायला लागतात.

सोबत घ्यायचं ते असं: एक जादा ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप, चेनच्या तेलाची बाटली, पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा, हेल्मेट, दोन पाण्याच्या बाटल्या. कपडे दोन जोड, जास्त नाही. सामान पाठीवर घेऊ नका. दमट हवेत पाठ भिजते आणि खांदे भरतात. कॅरियरवर रबरी दोरीने बांधा, खाली प्लास्टिकची पिशवी. रोख पैसे ठेवा. मोबाइलवर पैसे सगळीकडे चालतात म्हणून लोक निघतात आणि नेमकं डोंगराआडच्या गावात नेटवर्क जातं.

सराव म्हणाल तर आधीचे दोन-तीन आठवडे रोज तासभर सायकल चालवा. एकदा तरी सामान बांधून वीस किलोमीटर जाऊन या. पंक्चर काढायला घरीच शिका, एकदा हाताने करून बघा. मुरुडकडच्या रस्त्यावर पंक्चरवाला मिळतो, पण मोटारसायकलचा. सायकलची ट्यूब त्याच्याकडे असेलच असं नाही.

मांडव्याला पोचणं

मुंबईकरांना सोपं आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. २०२० साली ती सुरू झाली आणि सायकलवाल्यांचं भलं झालं. सायकल सरळ ढकलत आत न्यायची, तिचं तिकीट वेगळं. तासाभरात मांडवा. आरक्षण आधी करा आणि आदल्या संध्याकाळी बोट आहे ना याची खात्री करा. गेटवेवरून सुटणाऱ्या लाँचवर सायकल घेतील की नाही, ते तिथल्या माणसाच्या मर्जीवर. त्या भरवशावर राहू नका.

पुण्याहून येणाऱ्यांनी गाडीच्या मागे सायकल टांगून अलिबागला यावं आणि गाडी तिथेच ठेवावी. पेण-वडखळहून सायकलने यायचा मोह टाळा. त्या रस्त्यावर ट्रक आणि कंटेनरची रीघ असते, शिवाय कार्ले खिंडीचा चढ आहे.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, हलका आणि थंड. अकरा-बारानंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि हिवाळ्यात तो बहुतेक वायव्येकडून येतो. मुरुडकडे जाताना तो पाठीशी राहतो. हाच वारा तोंडावर घेऊन चालवलं की सपाट रस्ताही चढ वाटतो.

गाव वाचायला शिका

नकाशा उघडण्याआधी या किनाऱ्याची रचना समजून घ्या, मग वाट चुकली तरी हरवत नाही. समुद्राकडून आत येताना आधी पुळण म्हणजे वाळूचा किनारा, मग सुरूची रांग, मग नारळी-पोफळीच्या वाड्या. वाड्यांना लागून घरं, आणि घरांमधून जाणारा एक अरुंद रस्ता. घरांच्या मागे सखल जमिनीत भातखाचरं आणि त्यापलीकडे डोंगर. रेताड जमिनीत पोफळी आणि चिकणमातीत भात, अशी ही वाटणी पिढ्यान् पिढ्यांची. म्हणजे अरुंद, सावलीचा, वळणावळणाचा रस्ता लागला तर तुम्ही वाडीत आहात, समुद्र पाच मिनिटांवर. उन्हातला, मोकळा, दोन्ही बाजूंना खाचरं असलेला रस्ता लागला तर समुद्र मागे राहिला. ऊन चढलं की वाडीत शिरायचं, सकाळ-संध्याकाळ खाचरांच्या बाजूने जायचं. तीन दिवसांचं वेळापत्रक यातच आलं.

खाडी लागते तिथे आणखी एक गोष्ट दिसते. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मातीचे लांब बांध घातलेले असतात आणि बांधात एक उघाडी, म्हणजे झडपेचं दार, असतं. थांबून बघा. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा झडप आपोआप घट्ट मिटते. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडपेला ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना माणूस. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग ती जमीन भाताला परत यायला वर्षं लागतात. म्हणून त्या बांधावर सायकल घालू नका, पायी जायचं असेल तरी विचारून जा.

पहिला दिवस: मांडवा ते अलिबाग, आतल्या रस्त्याने

मोठा रस्ता सोडून सासवणे-आवास-किहीम-चोंढी असे जा. अंतर वीस-बावीस किलोमीटर पडतं. सकाळची पहिली बोट धरली तर दुपारच्या जेवणाला अलिबाग, पण तशी घाई कशाला.

सासवण्यात शिल्पकार विनायकराव करमरकर यांचं घर आहे आणि तिथे त्यांची शिल्पं मांडलेली आहेत. पुण्यातला १९२८ सालचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. तासभर इथे सहज जातो. अंगणातली म्हैस खरी की सिमेंटची, हे क्षणभर कळत नाही. पुढे किहीम. १९३० साली सलीम अलींनी सुगरण पक्ष्याचं बारकाईने निरीक्षण केलं ते याच गावात. नर अर्धवट खोपा विणून मादीला दाखवतो, तिने पसंत केला की पुरा करतो आणि मग दुसरा खोपा सुरू करतो, हे त्यांनी इथे नोंदवलं. ऑक्टोबरात जुने रिकामे खोपे झाडांवर लटकलेले दिसतात. काढून घेऊ नका.

चोंढीला मोठा रस्ता लागतो. इथून वाहनं वाढतात, म्हणून डाव्या कडेने, एकामागे एक. वेळ असेल तर थळच्या कोळीवाड्यात जाऊन या. किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी समोर दिसतात. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले त्यांत खांदेरी आहे. बांबूवर बोंबील वाळत असतात. वास सहन होत नसेल तर नाक मुरडत उभं राहण्यापेक्षा पुढे निघा, बायका बघत असतात.

रस्ता विचारताना "दादा", "मावशी" म्हणून सायकलवरून उतरून विचारा. "जवळच आहे, पाच मिनिटं" हे उत्तर मोटारसायकलचं असतं. तुम्ही त्याला चाराने गुणा.

अलिबाग: भरती-ओहोटीचं गणित

अलिबागसमोर समुद्रात असलेल्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं तर ओहोटी हवी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाचाचे पाऊण म्हणजे पावणेचार. त्या सुमाराला भरती, त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी. म्हणजे पंचमीला सकाळी दहाच्या आसपास पाणी सर्वांत खाली. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधरा धरायचे. यात पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून किनाऱ्यावर विचारून खात्री करा आणि पाणी पुरतं उतरायच्या जरा आधी आत शिरा, म्हणजे परतायला वेळ मिळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या भांगाला धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, वाटेत गुडघाभर राहतं. सायकल किनाऱ्यावर कुलूप लावून ठेवा, आत न्यायची गरज नाही.

त्याच ओहोटीत ओल्या घट्ट पुळणीवर सायकल पळवायची हौस सगळ्यांना असते. नागावची पुळण लांबलचक आणि सपाट आहे, मोह होतोच. दहा मिनिटं चालवा, फोटो काढा आणि लगेच गोड्या पाण्याने चेन धुवा. खारी वाळू चेनमध्ये गेली की संध्याकाळपर्यंत करकर सुरू होते आणि आठवड्यात गंज धरतो.

अलिबागेत दुपार मोकळी असेल तर उन्हं कलल्यावर खंडाळे, नेहुली, वाडगाव या बाजूला एक फेरी मारा. अलिबागचा पांढरा कांदा या गावांतला. त्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भात निघालं की त्याच खाचरातल्या ओलीवर हा कांदा लावतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात आणि पातीसकट वेणी घालून माळा विकतात. नोव्हेंबरात गेलात तर कांदा मिळणार नाही, पण कापणी झालेली खाचरं कांद्यासाठी तयार करताना दिसतील. कार्ले खिंडीपलीकडे पोयनाडच्या बाजूला खारेपाट, म्हणजे खाडीलगतचा खाऱ्या जमिनीचा पट्टा. तिथलं चरी हे गाव १९३३ ते १९३९ चाललेल्या शेतकरी संपाचं. खोतांविरुद्ध कुळांनी सहा वर्षं जमीन पेरली नाही. घरापुढच्या तळ्यांत जिताडा मासा पाळायची पद्धतही तिकडचीच. पहिल्याच सफरीत खिंड ओलांडायला सांगणार नाही, पण पाय भक्कम असतील तर पुढच्या वेळी एक पूर्ण दिवस खारेपाटाला द्या.

दुसरा दिवस: अलिबाग ते रेवदंडा

फक्त सतरा किलोमीटर, आणि माझ्या मते तीन दिवसांतला सर्वांत सुखाचा टप्पा. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. जवळजवळ सगळा रस्ता वाड्यांच्या सावलीतून जातो. रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणून वळणावर घंटी वाजवा आणि एसटी दिसली की सरळ कडेला उतरून थांबा. तिला जागा देण्यात शहाणपण आहे.

आक्षीला शके ९३४ चा मानला जाणारा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. विचारलंत तर गावकरी दाखवतात. चौल हे तर जुनं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथे उतरला होता आणि त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. चौलच्या रामेश्वराच्या देवळाशी पुष्करणीच्या काठावर बसून डबा खा. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास आलात तर भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताची जत्रा भरते. तेव्हा रस्ता माणसांनी फुललेला असतो, सायकल हातात धरूनच चालावं लागतं.

जेवणाचं सांगून ठेवतो. इथे घरगुती खानावळीत आयत्या वेळी गेलात तर "संपलं" ऐकाल. सकाळी फोन करून किती माणसं, मासे की शाकाहारी, एवढं सांगा. तांदळाची भाकरी, कालवण, सोलकढी. भरपेट जेवून लगेच सायकलवर बसू नका, पडवीत तासभर आडवे व्हा. उन्हात पाण्याबरोबर मीठही जातं. शहाळं प्या, कोकम सरबत प्या, चिमूटभर मीठ घालायला सांगा.

शेतात थांबलात तर काही गोष्टी पाळा. खाचराच्या बांधावर सायकल चढवायची नाही, कड ढासळते आणि पावसात तिथूनच पाणी फुटतं. रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं असतं, त्यावरून चाक नेऊ नका, उतरून वळसा घाला. खळ्यात चप्पल-बूट काढून जा. फोटो विचारून काढा. कापणीच्या घाईत माणसं कंबर मोडून कामाला असतात, त्यांना बोलण्यात अडकवू नका. पेंढा उडवायला हात लावलात तर मात्र चहा नक्की मिळतो.

तिसरा दिवस: रेवदंडा ते मुरुड

इथे निसर्ग बदलतो आणि चढही येतात. अंतर तेहतीस किलोमीटरच्या आसपास. पहाटे साडेसहाला निघा. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की साळाव. या पुलावर गाड्यांची वर्दळ असते, सकाळी लवकर पार करा. पुढे कोर्लई. डोंगराच्या शेपटावर पोर्तुगीजांचा किल्ला आणि पायथ्याशी गाव. गावातली काही ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली घरात बोलतात. किल्ल्यावर चढायचं असेल तर तेवढा जादा वेळ हिशेबात धरा.

बोर्ली, बारशीव करत काशीद येतं. काशीदच्या अलीकडे-पलीकडे चढ आहेत. युक्ती अशी: चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा. मध्यावर बदलायला गेलात तर चेन उतरते. दम लागला तर उतरा, ढकला, डाव्या हाताला फणसाडच्या जंगलाकडे बघा. उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र, थोडे थोडे दाबा. वळणाच्या आत वाळू पसरलेली असते, तिथे पुढचा ब्रेक जोरात दाबलात तर पडलातच. काशीदच्या किनाऱ्यावर भाजलेली कणसं आणि गर्दी. मी तिथे फार थांबत नाही. नांदगावला सिद्धिविनायकाचं देऊळ आणि सावली आहे, विश्रांती तिथे घ्या. तिथून मुरुड जवळ आहे आणि रस्ताही सोपा.

गावातली कुत्री मागे लागली तर जोरात पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. दहा पावलांत त्यांचा रस संपतो.

जंजिऱ्यासाठी राजपुरीच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. त्यासाठी संध्याकाळ नको, दुसऱ्या दिवशीची सकाळ ठेवा.

परतताना

मुरुडहून परत मांडव्याला सायकलनेच यायचं तर वारा तोंडावर असेल, म्हणून दोन दिवस हाताशी ठेवा आणि सगळं चालवणं सकाळी दहाच्या आत उरका. छोटा टेम्पो ठरवून अलिबागपर्यंत सायकली नेणं हाही मार्ग आहे, तीन-चार जण असाल तर परवडतो. आणि अंगात बळ उरलं असेल तर परतूच नका: आगरदांड्याहून दिघीला खाडीपार बोट आहे, पुढे दिवेआगर, आणि दिवेआगर ते श्रीवर्धन आरावी-शेखाडीवरून जाणारा रस्ता तर समुद्राला चिकटून जातो. सागरी महामार्गाची कामं चालू असल्याने काही ठिकाणी खडी आणि डंपर लागतील, निघण्याआधी चौकशी करा.

घरी पोचल्यावर आंघोळीआधी सायकल धुवा. गोडं पाणी, साबण, जुना दातांचा ब्रश. चेन, गिअरच्या चकत्या, ब्रेकच्या तारा, सीटखालचा दांडा, आणि हो, स्टँडचा स्क्रू, तो सगळे विसरतात. कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवा, मग चेनच्या प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडा आणि उरलेलं तेल पुसून टाका.